कादोरिन आडनाव कादोरेत का सापडलं नाही

पार्श्वभूमी

दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातलं एक कुटुंब, आडनाव कादोरिन. पणजोबा 1870 च्या दशकाच्या अखेरीला इटलीहून आले. वसाहतीत जमिनीचा तुकडा मिळाला, तिथेच लग्न झालं आणि तिथेच ते वारले. आज हयात असलेल्या चार भावंडांना एवढंच हवं होतं की पणजोबांचं इटलीतलं गाव कोणतं. नागरिकत्वाचा अर्ज करायचा नव्हता. इटलीच्या मार्च 2025 च्या 36 क्रमांकाच्या वटहुकमानंतर निव्वळ पणजोबांच्या आधारावर तो आता सहसा करताही येत नाही. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाच्या तपशिलातली वर्षं थोडी हलवली आहेत आणि गावांची नावं गाळली आहेत. आडनाव मात्र तेच ठेवलं आहे, कारण सगळी गुंतागुंत त्याच्या अर्थातूनच झाली.

हाताशी तीन गोष्टी होत्या. ब्राझीलमधल्या चर्चच्या विवाहनोंदीचा उतारा ही पहिली. त्यात वराचं नाव, आईवडिलांची नावं, वय 'सुमारे 30' आणि जन्मस्थान म्हणून एकच शब्द होता, त्रेव्हिझो. दुसरी गोष्ट म्हणजे घराचं टोपणनाव. गावातली जुनी माणसं या घराला कादोरिन म्हणतच नसत, 'मरांगोन' म्हणत. ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांताच्या बोलीत मरांगोन म्हणजे सुतार. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये त्या बोलीतून घडलेली तालियान अजून बोलली जाते, त्यामुळे शब्द टिकला. तिसरी गोष्ट दिवाणखान्यातल्या चौकटीत होती: विकत आणलेला, कुलचिन्ह छापलेला जाड कागद आणि खाली सुबक अक्षरांत 'मूळ स्थान: कादोरे'.

कादोरे म्हणजे इटलीच्या ईशान्येला, बेल्लुनो जिल्ह्यात, पियावे नदीच्या वरच्या अंगाचा डोंगरी मुलुख. चित्रकार तित्सियानो वेचेल्लिओ तिथल्या पिएव्हे दि कादोरे गावचा. इटालियनमध्ये कादोरेच्या माणसाला कादोरिनो म्हणतात. व्हेनेतोच्या बोलीत 'न'च्या पुढचा शेवटचा स्वर गळतो. विनोचं विन होतं, पानेचं पान होतं, तसंच कादोरिनोचं कादोरिन. जोर शेवटच्या अक्षरावर येतो. व्युत्पत्तीत इथे वादाला जागा नाही आणि घोळ नेमका त्यामुळेच झाला.

अडचण

अर्थ इतका उघड असल्यावर भावंडांनी सरळ कादोरे गाठलं. तिथल्या जुन्या समाजसंस्थेत 22 कोमूने (आपल्याकडची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका) येतात. सगळ्यांना एकाच मजकुराचं पत्र गेलं: अमुक नावाचा मुलगा, जन्म 1848 ते 1858 दरम्यान, आडनाव कादोरिन, जन्मनोंद मिळावी. सात-आठ महिन्यांत बहुतेकांची उत्तरं आली. नोंद कुठेच नव्हती.

या पत्रांत दोन वेगवेगळ्या चुका होत्या, आणि एकीमुळे दुसरी झाकली गेली.

पहिली चूक कार्यालयाची. व्हेनेतो 1866 मध्ये इटलीत सामील झालं आणि तिथली इटालियन नागरी नोंदणी 1 सप्टेंबर 1871 ला सुरू झाली. त्याआधी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या अमलात 1816 पासून, जन्म-विवाह-मृत्यू लिहायचं काम पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) पाद्र्याकडे होतं. त्याआधीची 1806 ते 1815 ही नेपोलियनच्या राजवटीतली थोडी वर्षं नागरी वह्यांत आहेत, आणि त्याहून जुनं सगळं पुन्हा चर्चकडे. तेव्हा 1853 च्या आसपास जन्मलेल्या माणसाची नोंद कोमूनेत मागणं म्हणजे जे दप्तर त्या कचेरीत कधी नव्हतंच ते मागणं. कारकून खरंच 'नोंद नाही' असं लिहितो, आणि वाचणारा त्याचा अर्थ 'माणूस या गावचा नाही' असा घेतो.

दुसरी चूक मुलखाची, आणि ती जास्त महाग पडली. कादोरेत राहणाऱ्या माणसाला कादोरिन कोण म्हणणार? तिथे सगळेच कादोरिन. माणूस डोंगर उतरून मैदानात आला, दुसऱ्याच्या गावात राहिला, की शेजारी त्याला 'तो कादोरेवाला' म्हणतात. दोन पिढ्यांत ते आडनाव होतं. मराठी वाचकाला हे समजवायला नको. नागपुरात राहणाऱ्याला नागपूरकर म्हटल्यानं काही कळत नाही, तो पुण्याला आला की कळतं. व्हेनेतोत याच साच्याची आडनावं ढिगानं आहेत: विचेन्झाकडचा विझेन्तिन, त्रेंतोकडचा त्रेन्तिन, पादोव्हाकडचा पादोव्हान, फ्रिउलीचा फुर्लान.

खुद्द कादोरेतली आडनावं वेगळ्याच घडणीची आहेत. वेचेल्लिओ, दा रिन, दे मार्तिन, झांदेजाकोमो. ती इतकी थोडी आणि इतकी पसरलेली आहेत की ओळखू यावं म्हणून त्यांना दुसरं घरनाव जोडतात, आणि ते आज सरकारी कागदांवरही चालतं. एका खोऱ्यात शंभर दे मार्तिन असतील तर दे मार्तिन एवढंच लिहून भागत नाही. कादोरिन या गर्दीत बसतच नाही.

नकाशा कसा वाचावा

आडनावांचे वाटप-नकाशे संकेतस्थळांवर फुकट मिळतात. त्यातले बरेचसे टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात, म्हणजे माणसं मोजलेली नसतात, लँडलाइनधारक मोजलेले असतात. दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत एका गावातले चार फोन बंद झाले तरी चित्र बदलतं. म्हणून नकाशावरून गाव ठरवू नये, फार तर कोणत्या जिल्ह्याचं दप्तर आधी उघडायचं ते ठरवावं.

कादोरिनचा भार व्हेनेतोवर आहे, यात अनपेक्षित काही नाही. खरं काम उरलेले ठिपके बाजूला काढण्याचं. मिलान आणि तोरिनोचे ठिपके बहुधा 1950-60 च्या दशकांत कारखान्यांकडे गेलेल्यांचे असतात. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात व्हेनेतो घडणीचं आडनाव दिसलं तर ते 1930 च्या दशकातल्या दलदल-सुधारणेचं समजावं: पोंतिनो मैदान कोरडं केल्यावर तिथे व्हेनेतो आणि फ्रिउलीतली शेतकरी कुटुंबं नेऊन वसवली, आणि आजचं लातिना शहर 1932 मध्ये लित्तोरिया या नावानं वसलं. सार्डिनियातल्या आर्बोरेयाचीही तीच गोष्ट. हे ठिपके पुसले की जे उरतं तो जुना भाग.

उरलेल्या भागात दोन पुंजके दिसले तरी ते एका घराण्याचे मानायचे नाहीत. गावावरून पडलेलं आडनाव दहा ठिकाणी दहा वेळा, एकमेकांशी नातं नसताना पडू शकतं. कुलचिन्ह विकणाऱ्याला ही अडचण नसते, त्याच्या लेखी सगळे कादोरिन एकाच सरदाराचे वंशज असतात.

पर्याय

पत्रांचा फज्जा उडाल्यावर भावंडांनी वंशावळीचं काम करणाऱ्या संशोधकाकडे प्रकरण सोपवलं. चार वाटा समोर होत्या.

बेल्लुनो भागातल्या प्रत्येक पॅरिशला पत्र लिहिणं हा पहिला. तो लगेच सोडला. एकेक पाद्री चार-पाच पॅरिश सांभाळतो, जुन्या वह्या कपाटात असतात, अंदाजपंचे मागणीसाठी त्या कोणी उपसत नाही. शिवाय कादोरे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उदिनेच्या धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखात) होतं, त्यामुळे वरच्या कार्यालयातही दप्तर दोन ठिकाणी विभागलेलं.

पितृवंशाची डीएनए चाचणी हा दुसरा. व्हेनेतोतल्या एखाद्या कादोरिनशी ती जुळली तर नातं सिद्ध झालं असतं, पण त्यासाठी तिकडचा एक पुरुष आधी सापडायला हवा, तयार व्हायला हवा. आणि गाव ती सांगत नाहीच. हा पर्याय मागे ठेवला.

ब्राझीलमधलेच कागद आणखी खणणं, आणि इटलीतल्या लष्करभरतीच्या याद्या पाहणं, हे उरलेले दोन. ते एकत्र करायचं ठरलं.

हा निर्णय ज्यावर झाला तो प्रश्न साधा होता: कादोरे हा शब्द कुटुंबात कुठून आला? जुन्या कागदांत तो एकदाही नव्हता. आत्यांच्या आठवणीतही नव्हता. तो पहिल्यांदा दिसतो भिंतीवरच्या चौकटीत, आणि चौकट छापणाऱ्यानं तो आडनावावरूनच काढलेला. म्हणजे ज्याला घराण्याची आठवण समजत होते तो आडनावाचाच पडसाद होता, वेगळा पुरावा नव्हता. उलट विवाहनोंदीतला 'त्रेव्हिझो' हा शब्द पणजोबांनी स्वतः, जिवंत असताना, पाद्र्याला सांगितलेला. भावंडांनी तो बाजूला सारला होता, कारण त्रेव्हिझो शहरात चौकशी करून हाती काही लागलं नव्हतं. पण परदेशातल्या नोंदीत त्रेव्हिझो म्हटलं की सहसा जिल्हा समजायचा. परगावी विचारल्यावर माणूस खेड्याचं नाव सांगत नाही, जिल्ह्याचं सांगतो.

काय केलं

आधी ब्राझील. पणजोबांच्या सगळ्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मागवल्या, फक्त आजोबांची नाही. सात मुलांपैकी दोघांच्या नोंदीत आजीआजोबांची पूर्ण नावं होती, त्यामुळे पणजोबांच्या आईचं माहेरचं आडनाव पहिल्यांदा हाती आलं. पुढे सगळं त्यावरच तोललं. शोधताना आडनावाची रूपं कागदावर लिहून ठेवली होती. पोर्तुगीज लेखणीत शेवटच्या 'न'चा 'म' होतो, कादोरिम. शिकलेला कारकून त्याला पुस्तकी शेपूट लावतो, कादोरिनि. आणि जुन्या हस्ताक्षरात लहान 'आर' आणि 'व्ही' एकसारखे दिसत असल्यामुळे एका सूचीत तो कादोव्हिन झाला होता.

मग लेव्हा, म्हणजे सक्तीच्या भरतीच्या याद्या. त्या गावोगावी, जन्मवर्षानुसार केलेल्या असतात आणि वर्षाच्या आत आडनावं अकारविल्हे. मुलगा वीस वर्षांचा होण्याच्या सुमाराला यादी तयार होते, म्हणून 1853 चा मुलगा 1870 च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामकाजात सापडतो, आणि तोवर व्हेनेतो इटलीत आलेलं होतं. नागरी जन्मनोंद नसलेल्या पिढीसाठी यासारखं साधन नाही. आईवडील, जन्मगाव, धंदा, उंची, लिहितावाचता येतं का, सगळं एका ओळीत. या याद्या जिल्ह्याच्या राज्य अभिलेखागारात असतात. त्रेव्हिझोच्या 1850 ते 1856 अशा सात जन्मवर्षांची 'सी'ची पानं पाहायला घेतली.

कादोरिन मिळाले, आणि पणजोबांच्याच नावाचे दोन मिळाले. जन्म दीड वर्षाच्या अंतरानं, गावं शेजारशेजारची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे चुलतभावांची नावं सारखी असणं तिथे रोजचंच. पहिल्याचा बापही नावानं जुळत होता. एक भाऊ तर आनंदानं कळवून मोकळा झाला होता.

संशोधकानं तिथे थांबवलं. यादीत बापाच्या नावाआधी पहिल्याला 'दि' होतं, दुसऱ्याला 'फू'. दि म्हणजे बाप हयात, फू म्हणजे वारलेला. दुसऱ्याच्या बापाचं पाळण्यातलं नाव वेगळं लिहिलं होतं, पण आई जुळत होती, माहेरच्या आडनावासकट. पहिल्याची आई जुळत नव्हती. नुसत्या आईवर निकाल देण्याऐवजी उलट बाजूनंही तपासलं: ब्राझीलला गेलेला माणूस 1880 नंतर इटलीच्या वह्यांत दिसायला नको. पहिला उमेदवार दिसला. 1884 मध्ये त्याचं गावातच लग्न, पुढे तीन मुलांचे जन्म. तो बाद झाला. दुसऱ्याच्या बापाची दोन नावं पुढे बाप्तिस्म्याच्या वहीच्या नकलेत एकापुढे एक लिहिलेली निघाली. ब्राझीलमध्ये एक वापरलं गेलं, यादीत दुसरं.

पॅरिश ठरलं. पण तिथली एकोणिसाव्या शतकातली मूळ वही नव्हतीच. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1917 मध्ये, कापोरेत्तोला इटालियन फळी फुटली आणि पुढचं वर्षभर आघाडी पियावे नदीवर राहिली. काठची गावं तोफांनी भुईसपाट झाली, चर्चं आणि त्यांतल्या वह्यांसकट. अशा वेळी नकलेकडे वळायचं. ऑस्ट्रियाच्या काळात पाद्री वह्यांची एक नक्कल बिशपच्या कार्यालयाकडे देत. पण कोणत्या बिशपच्या? धर्मप्रांताच्या सीमा जिल्ह्याच्या सीमांशी जुळत नाहीत. आजच्या व्हित्तोरिओ व्हेनेतो धर्मप्रांताचं नाव पूर्वी चेनेदा होतं, आणि तो त्रेव्हिझोबरोबर बेल्लुनो, व्हेनिस आणि पोर्देनोने जिल्ह्यांतही शिरलेला आहे. या पॅरिशच्या नकला तिथे होत्या. ठरलेल्या वेळेला, दिवसाला मोजक्याच वह्या, असं करत चार फेऱ्यांत काम झालं.

सर्वांत जुन्या नोंदी शेजारच्या, वाचलेल्या पॅरिशमध्ये निघाल्या. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या ठेवण्याची सक्ती त्रेंतच्या धर्मपरिषदेनं 1563 मध्ये केली. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या वह्या चाळलेल्यांना हा साचा ओळखीचा वाटेल, दोन्हींच्या मागे आदेश एकच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक विवाहनोंद, लॅटिनमध्ये, चार ओळींची. वराला आडनावच नाही. नाव, बापाचं नाव, मग 'फाबेर लिग्नारिउस', लाकूडकाम करणारा, आणि 'दे कादुब्रिओ', कादोरेचा. पुढच्या पिढीच्या नोंदीत इटालियनमध्ये 'मरांगोन देत्तो कादोरिन', म्हणजे मरांगोन, ज्याला कादोरिन म्हणतात. त्यानंतरच्या पिढीत क्रम उलटला: 'कादोरिन देत्तो मरांगोन'. तसाच तो पुढे चालला आणि बोटीतून ब्राझीलला गेला.

निष्पत्ती

गाव मिळालं, आणि मागे सात पिढ्यांची साखळी. आडनाव नेमकं कोणत्या दोन नोंदींच्या मध्ये पडलं तेही दाखवता आलं. दुर्मीळ आडनावाच्या शोधात इतकं हाती लागणं विरळा.

मधली नोंद मात्र निसरडी आहे. तिथला मरांगोन हा धंदा आहे की तेव्हाचं आडनाव? व्हेनेतोत मरांगोन नावाची कुटुंबंही आहेत, आणि पाद्री मोठ्या-लहान अक्षरांचा नियम पाळत नव्हता. आधीच्या नोंदीत लॅटिनमध्ये धंदाच लिहिला आहे म्हणून धंदा धरला. उलट धरलं असतं तर शोध मैदानातल्या सगळ्या मरांगोनांमागे भरकटला असता.

कादोरेतलं गाव मिळालं नाही. 'दे कादुब्रिओ'च्या पुढे पाद्र्यानं खेड्याचं नाव लिहिलेलं नाही, आणि तिकडे तो माणूस कादोरिन या नावानं नव्हताच. सुतार डोंगरातून खाली का आला याला पार्श्वभूमी भक्कम आहे. कादोरे 1420 पासून व्हेनिसकडे, सोमादिदाचं जंगल 1463 मध्ये व्हेनिसच्या आरमारी गोदीला दिलेलं, ओंडके पेरारोलोच्या बांधाशी अडवून, तराफे बांधून पियावेतून खाली जायचे. पण ही मुलखाची गोष्ट झाली, या माणसाची नव्हे. अहवालात ती वेगळ्या परिच्छेदात ठेवली आणि वंशावळीच्या तक्त्यात घेतली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात ब्राझीलच्या नोंदींपासून झाली असती तर जवळपास वर्ष वाचलं असतं. सख्ख्या आजोबांचीच नव्हे, त्यांच्या सगळ्या भावंडांची बाप्तिस्मानोंद आधी मागवायची, कारण एखादाच पाद्री सगळं नीट लिहितो आणि तो कोणत्या मुलाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. मरांगोन हे घरनाव पहिल्या दिवसापासून शोधशब्दांच्या यादीत हवं होतं. ते 'गमतीचं' म्हणून वगळलं होतं, आणि एका सूचीत हेच कुटुंब मरांगोन या आडनावाखाली नोंदलेलं होतं.

पत्राचा मजकूरही सुधारता आला असता. जन्मनोंद मागण्याआधी एक ओळ विचारायला हवी होती: हे आडनाव तुमच्या गावच्या जुन्या दप्तरात आहे का? या प्रश्नाला कारकून वही न उघडता उत्तर देऊ शकतो. आलेली उत्तरं भावंडांनी तक्त्यात भरली होती, प्रत्येक गावासमोर 'नाही'. प्रकरण संपल्यावर मूळ ईमेल पुन्हा वाचली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात आलेल्या एका उत्तरात, 'नोंद आढळली नाही'च्या खाली, कारकुनानं आपण होऊन एक वाक्य लिहिलेलं दिसलं: हे इथलं आडनाव नाही, खाली मैदानात बघा.